नवरीवरचं उंबर

"यशोधन, चहा कितीला ठेवू?"

रविवारी सकाळी पावणेसातला खैरनारकाकूंनी फोन करून मला हे विचारलं. मी अंथरुणात होतो. काकू म्हणजे आमच्या तालुक्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या खैरनार सरांच्या पत्नी. त्यांच्या घरच्या चहाच्या वेळा मी ठरवाव्यात इतकी आमची ओळख नव्हती.

"कसला चहा, काकू?"

"अरे, हे पहाटेच गेलेत ना वऱ्हाडाच्या रांगेवर. तुझ्या लेखाची पानं फाडून घेऊन गेलेत. तू लिहिलंयस, संध्याकाळी साडेपाचला माणूस पलीकडे उतरतो. म्हणजे घरी यायला साडेसात होणार. मग सातला आधण ठेवू ना?"

"एकटेच गेले?"

"तू नाही का एकटा गेलास? म्हणाले, भामऱ्याला जमतं तर मला न जमायला काय झालं."

"त्यांचा फोन?"

"बंद करून पिशवीत ठेवलाय. बॅटरी वाचवावी, असं लेखातच आहे म्हणे."

होतं. मीच लिहिलं होतं. मी काकूंना म्हणालो, "सातला ठेवा," आणि फोन ठेवून पॅन्ट शोधायला लागलो.

वऱ्हाडाची रांग म्हणजे एका ओळीत उभे असलेले पाच डोंगर. मुहूर्त चुकला म्हणून एक वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं, अशी आमच्याकडची गोष्ट आहे. पहिला डोंगर वाजंत्री, मग भटजी, मग करवली, चौथी नवरी आणि शेवटचा नवरा. पाचही माथे एका दिवसात एकट्याने पार करणं हे आमच्या पायपीट मंडळात मोठं काम समजलं जायचं. मंडळाच्या माहितीप्रमाणे ते मी ऑगस्टमध्ये केलं होतं.

खरं म्हणजे ऑगस्टमध्ये मी वाजंत्री चढलो, भटजी चढलो, भटजीच्या डोक्यावर बसून पोहे खाल्ले, समोरच्या करवलीकडे नीट पाहिलं आणि घरी आलो. संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्ष शैलाताई निकम यांनी ग्रुपवर विचारलं, "झाली का रांग?" मी अंगठा टाकला. बोटाने केलेलं खोटं तोंडाने केलेल्यापेक्षा हलकं वाटतं. पाच मिनिटांत बेचाळीस अभिनंदनं आली. बेचाळीस माणसांना एकदम नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि फ्लेक्सच्या दुकानात काम करायचो. ज्याने आयुष्यात एकदा गटारावर फरशी टाकून घेतली, त्याच्या वाढदिवसाला मी 'विकासपुरुष' लिहायचो. मोठ्या अक्षरात लिहिलं की मलाही ते खरं वाटायचं. नवऱ्याच्या माथ्यावरचा माझा फोटो दुकानातच तयार झाला. एका नगरसेवकाच्या मागे लावलेला डोंगर मी माझ्या मागे लावला. मग मंडळाच्या दिवाळी अंकासाठी शैलाताईंनी वाटेचं वर्णन मागितलं, आणि अर्धं शटर ओढून, वडापाव खात, मी चार पानं लिहून काढली. पहिले दोन डोंगर खरे लिहिले. पुढच्या तिघांना मी कधी हात लावला नव्हता, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त आत्मविश्वासाने लिहिलं. नवरीवरून पुढे उतरायला कुठून तरी वाट हवी, म्हणून लिहिलं, 'डाव्या हाताच्या घळीतून पंधरा मिनिटांत आरामात उतरावे.' प्रत्येक वाटवर्णनात एक घळ असतेच. तरी लेख कोरडा वाटला, म्हणून शेवटी त्यात एक झाड आणि एक देव घातला.

खैरनार सरांनीच त्या लेखाचं मुद्रितशोधन केलं. त्यांना सदतीस चुका सापडल्या. सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या.

पायथ्याच्या गावात मोटरसायकल लावली तेव्हा पावणेआठ वाजले होते. हापशावर एक माणूस तोंड धूत होता. त्याला विचारलं, "छत्रीवाले एक वयस्कर गृहस्थ गेले का?"

"पावणेसहालाच. मला म्हणाले, तुमची घड्याळं दोन मिनिटं मागे आहेत."

सरच होते.

"नवरीवर थेट जायला दुसरी वाट आहे का हो? बाजूने?"

"नवरीला बाजूनं कोण जातं? रांगेनंच जायचं," तो म्हणाला आणि परत चूळ भरायला लागला. पलीकडच्या पाड्यावरून नवऱ्यावर चढता येतं, हे मला माहीत होतं, पण गाडीने तिकडे जायचा वळसा ऐंशी किलोमीटरचा होता. सर दोन तास पुढे होते. मी एकसष्ट वजा तेवीस असा हिशेब केला, अडतीस वर्षांचा फायदा माझ्याकडे आहे असं स्वतःला सांगितलं आणि धावत सुटलो. शंभर पावलांवर फायदा संपला. पुढे चालतच गेलो, पण थांबलो नाही.

नोव्हेंबर होता. गवत कमरेपर्यंत आलेलं आणि वाळायला लागलेलं. वाट त्यात बुडालेली, पण मला वाटेची गरजच नव्हती. सर छत्री काठीसारखी टेकत चालायचे आणि तिच्या लोखंडी टोकाची भोकं मातीत पडली होती. दर दोन पावलांवर एक, सारख्या अंतरावर. भूगोलाच्या वहीत समासाची रेघ मारावी तशी ती रेघ वाजंत्रीवर गेली, वाजंत्रीवरून उतरली आणि भटजीवर चढली. मी मागे मागे.

भटजीचा माथा गाठला तेव्हा दहा वाजायला आले होते. फोनला रेंज होती. यापुढे पाचव्या डोंगरापर्यंत ती नसते, हे मी लेखात लिहिलं होतं. तेही अंदाजानेच, पण दुर्दैवाने खरं होतं.

मी ग्रुप उघडला आणि लिहिलं, 'माझा लेख खोटा आहे. मी भटजीच्या पुढे कधी गेलेलो नाही. सर त्या लेखावर चाललेत.'

शैलाताईंचे मामा पलीकडच्या पाड्यावर राहतात. हा मेसेज गेला असता तर तासाभरात चार माणसं नवऱ्यावर चढून नवरीच्या दिशेने हाका मारायला लागली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी त्या तीन वाक्यांकडे बघत उभा राहिलो. मग ती खोडली आणि लिहिलं, 'सरांशी कोणाचं बोलणं झालं तर सांगा, नवरीवरची घळ पावसाने खराब झाल्याचं ऐकलंय. जरा जपून.'

शैलाताईंचं लगेच उत्तर आलं. 'सरांचा फोन बंद आहे. पण काळजी नको, तुझं वर्णन इतकं चोख आहे की लहान मूलही जाईल.' खाली नऊ अंगठे.

मी फोन खिशात टाकला आणि भटजी उतरलो. इथून पुढे मी माझ्या लेखात शिरलो होतो.

खिंडीत एक बाई गवत कापत होती. बाजूला भाऱ्यांची रांग लावलेली. मला बघून तिने विळा थांबवला.

"मावशी, कोणी म्हातारे गेले का इकडून?"

"छत्रीवाला? गेला की मघाशी. हातात कागद व्हता, वाचत वाचत चालला व्हता. मला वाटलं पोथी हाय. म्या हात बी जोडले."

"मघाशी म्हणजे किती वेळ झाला?"

"ह्ये तीन भारे झाले बघ तवापासनं."

एक भारा बांधायला किती वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. दुसरं विचारलं, "मावशी, नवरीच्या माथ्यावरून पुढं डाव्या हाताला एखादी घळ आहे का हो?"

नाही म्हण, असं मी मनात म्हणत होतो. घळ नसेल तर सर शोधतील, सापडणार नाही, परत फिरतील.

"हाय की," ती म्हणाली.

"आहे?"

"हाय. वरनं लई चांगली दिसती. पर ती वाट न्हाई बाबा. दोन सालाखाली दरड गेली, तवापासनं तिला खालचा पाय न्हाई. आमचा बोकड गेला तिच्यात."

"मग?"

"मग काय? खालनं जाऊन आणला. कापायचं काम वाचलं." तिने विळा पुन्हा गवताला लावला. "वाट उजवीकडनं हाय, लांबनं. तू कशाला इचारतो? त्यो म्हातारा तिकडं चाललाय व्हय?"

"हो."

"कुणी सांगितलं त्याला?"

मी पळालो.

करवलीच्या पोटातून एक आडवा टप्पा जातो. त्याबद्दल मी लिहिलं होतं, 'हा टप्पा सहज असून गप्पा मारत पार होतो.' प्रत्यक्षात तो दीड फूट रुंद होता. उजवीकडे कातळ, डावीकडे काही नाही. वाळकं गवत पायाखाली सुतळीसारखं फिरत होतं. मध्यावर माझ्या डाव्या बुटाखालून एक दगड निसटला आणि पाय त्याच्यामागे गेला. मी कातळाला पोटाने चिकटलो. हाताला एक कारवीचं खोड आलं, ते धरलं. खोडाने थोडा विचार केला आणि धरू दिलं.

तसाच किती वेळ होतो कोण जाणे. श्वास परत आला तेव्हा दिसलं, की त्याच कारवीत एक कागद अडकला आहे. दिवाळी अंकाचं पान अठरा. माझ्या लेखाचं तिसरं पान. वाऱ्याने सरांच्या हातून उडालेलं. त्यावर लाल पेनाने बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'वाजंत्री: बरोबर.

भटजी: बरोबर. वेळ दहा मिनिटं कमी लिहिली आहे.

करवली: "सहज" हा शब्द बदलावा. "गप्पा मारत" — कोणाशी? हा एकटा गेला होता ना?'

त्या प्रश्नचिन्हावर पेन दोनदा फिरवलेलं होतं. आठवीत माझ्या भूगोलाच्या उत्तरपत्रिकेवर असायचं, अगदी तसं.

घळीचं वाक्य चौथ्या पानावर होतं. वाऱ्याने चुकीचं पान उडवलं होतं. मी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि उरलेला टप्पा हातापायांवर पार केला.

नवरीची चढण उभी आणि कातळाची. कातळावर छत्रीची भोकं पडत नाहीत, त्यामुळे सरांची रेघ तुटली. मी दर पन्नास पावलांनी हाक मारत होतो. आवाज समोरच्या नवऱ्यावर आपटून परत यायचा, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं सरांनी 'सर' म्हणून हाक मारली.

दीड वाजता माथ्यावर पोचलो. लांबलचक पसरट माथा, मध्ये उंचवटा, सगळीकडे पिवळं गवत. माणूस नाही. मी सरळ डाव्या कडेला गेलो.

घळ होती. मावशी म्हणाली तशीच, वरून फार चांगली. दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, मध्ये मुरमाचा उतार, कोणी मुद्दाम बांधून दिल्यासारखा. ती न बघता मी तिचं इतकं अचूक वर्णन केलं होतं की मलाच उतरावंसं वाटलं.

घळीच्या तोंडाशी सरांची काळी छत्री मातीत रोवून ठेवलेली होती. आणि दहा-बारा फूट खाली, मुरमावर, त्यांची पांढरी टोपी.

"सर!"

वारा.

"खैरनार सर!"

काही नाही. माझ्या डोक्यात काकूंनी सातला ठेवलेलं आधण आलं. आणखी काहीही आलं नाही, फक्त ते पातेलं आणि त्यातलं पाणी.

मी खाली उतरलो. विचार करून उतरलो असं म्हणणार नाही. पहिले सहा फूट पायांनी, पुढचे बसून. टोपीपर्यंत पोचलो, टोपी उचलली, आणि वाकून पुढे बघितलं. मुरूम आणखी पंधराएक फूट जात होता आणि मग एकदम संपत होता. त्याच्यापुढे थेट खालच्या रानातली झाडं दिसत होती. कोबीच्या गड्ड्यांएवढी.

मी मागे सरकायला गेलो आणि बुडाखालचा मुरूम हलला. मी थांबलो, तोही थांबला. मी श्वास घेतला, तो दोन इंच सरकला. एक खडा गडगडत गेला, कडेवरून नाहीसा झाला आणि त्याचा आवाज आलाच नाही.

"भामरे."

वरून. मी मान वळवली नाही. वळवता येत नव्हती.

"भामरे, झाड तिथे नाही. मी वरून बघितलंय."

"सर," मी म्हणालो, "तुम्ही खाली पडला आहात असं मला वाटलं."

"मी का पडेन? टोपी पडली. तू टोपीसाठी उतरलास?"

"सर, मला हलता येत नाहीये."

वरून सरांचा वर्गातला आवाज आला. "बरं. आता हलू नकोस. सांगेन तेव्हाच हल. पाठ मुरमाला टेकव. टेकवलीस? हात डोक्यावर घे. आठवीत घ्यायचास तसे."

माझ्या डोक्यावर काहीतरी टकटकलं. सर कडेवर पालथे झोपून, छत्रीचं टोक दोन्ही हातांत धरून मूठ खाली सोडत होते, पण ती पुरत नव्हती. टकटक म्हणून जे पडत होतं ते मुठीला बांधलेल्या डब्याच्या पिशवीचे बंद होते.

"बंद धर. ओढू नकोस. नुसता धर. टाचा रोव. एका वेळी एक टाच. मी एक म्हणेन तेव्हा डावी."

"सर, तुम्हाला झेपेल का?"

"मध्ये बोलायचं नाही. एक."

डावी टाच. मग उजवी. मग डावी. माझं शरीर उलट्या दिशेने, उताणं, दहा फूट वर गेलं. त्याला वीस मिनिटं लागली. मध्येच छत्रीतली एक काडी मोडली आणि सर म्हणाले, "ती भरून द्यावी लागेल." शेवटी त्यांनी माझी कॉलर धरली. आठवीनंतर पहिल्यांदाच. आम्ही दोघं गवतावर पडून आकाशाकडे बघत राहिलो. त्यांची छाती माझ्यापेक्षा जोरात वरखाली होत होती. टोपी माझ्या हातातच होती.

सर आधी उठून बसले. टोपी घेतली, झटकली, घातली.

"आता सांग. झाड कुठंय?"

"कुठलं झाड?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेलं चौथं पान काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. "'नवरीच्या माथ्यावर एकच उंबराचं झाड आहे. त्याखाली बसून डबा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये, देव कोपतो. त्यानंतर डाव्या हाताच्या घळीतून पंधरा मिनिटांत आरामात उतरावे.' मी पावणेबाराला इथे आलो. घळ लगेच सापडली. खुणेला छत्री रोवली. तेवढ्यात वाऱ्याने टोपी नेली. म्हटलं, उतरताना वाटेत आहेच, घेऊ. तेव्हापासून झाड शोधतोय. पावणेदोन तास. सगळा माथा दोनदा फिरलो."

"तुम्ही देव मानत नाही, सर."

"देवाचा काय संबंध? सूचना आहे. सूचना क्रमाने पाळायच्या, हे मी तीस वर्षं पोरांना सांगितलं. झाड नाही, तर डबा नाही. डबा नाही, तर घळ नाही." त्यांनी चष्मा काढला. "भूक फार लागली आहे. झाड कुठंय?"

मी त्यांच्या बुटांकडे बघत म्हणालो, "झाड नाहीये, सर. मी ते दुकानात लिहिलं. लेख कोरडा वाटत होता म्हणून."

"आणि घळ?"

"तीही दुकानातच."

"करवली?"

"मी करवलीवर गेलेलो नाही. नवरीवरही नाही. आजच आलो. पहिल्यांदा."

सरांनी शेजारचा नारळाएवढा एक दगड उचलला, घळीच्या तोंडाशी गेले, घड्याळ वर केलं आणि दगड सोडला. तो दोनदा मुरमावर आपटला. मग आवाज थांबला. मी मोजत नव्हतो तरी माझं मन मोजत होतं. मग फार खालून, कोणीतरी लांबच्या घराचं दार लावावं तसा, एक ठोका आला.

"चार सेकंद," सर म्हणाले. "साधारण अडीचशे फूट. पंधरा मिनिटं लागली नसती."

ते परत येऊन बसले. डबा उघडला, बंद केला.

"तुला कधी कळलं, मी निघालोय ते?"

"सकाळी. काकूंचा फोन आला."

"भटजीवर रेंज असते."

"हो."

"तिथून मंडळाला कळवलंस?"

खोटं बोलायची ती फार चांगली जागा होती. ऐकणारा दुसरा कोणी नव्हता, आणि माणूस दमलेला होता.

"घळ खराब झाली आहे असं कळवलं. लेख खोटा आहे, हे लिहिलं होतं. पाठवायच्या आधी खोडलं."

"का?"

"बेचाळीस लोकांनी अभिनंदन केलं होतं, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. आठवीत मला भूगोलात एकोणतीस मार्क पडले होते, तेव्हाही त्यांनी असं बघितलं नव्हतं. मग त्यांनी डबा पुन्हा उघडला, चार पोळ्यांतल्या दोन झाकणावर ठेवल्या, मेथीची भाजी अर्धी केली आणि झाकण माझ्याकडे सरकवलं.

"झाड समजून खा," ते म्हणाले. "परत जाताना अंधार व्हायला नको."

आम्ही आलो त्याच वाटेने मागे फिरलो. करवलीच्या आडव्या टप्प्याशी ते थांबले.

"मी पुढे जातो," ते म्हणाले. "तू मागून गप्पा मार."

"कसल्या?"

"लेखात लिहिलंयस ना, गप्पा मारत पार होतो. मार. गप्प बसलास तर मी खाली बघेन."

म्हणून मी बोलत राहिलो. सांगायला दुसरं काही नव्हतं, म्हणून खरं सांगितलं. भटजीवर पोहे कसे खाल्ले. नगरसेवकाच्या मागचा डोंगर कसा कापला. त्यांनी सदतीस चुका काढल्या तेव्हा मी किती घाबरलो होतो आणि त्या कसल्या आहेत हे बघून किती हसलो होतो. ते मध्ये मध्ये "मग?" एवढंच म्हणायचे आणि छत्री पुढे टेकायचे. टप्पा संपला तेव्हा मी शटर अर्धं का ओढलं होतं इथपर्यंत आलो होतो.

खिंडीत मावशी भारे उचलायच्या तयारीत होती. सरांना बघून म्हणाली, "आलास व्हय परत? बरं झालं. पोथी संपली?"

"एकच पान राहिलंय," सर म्हणाले.

भटजीवर पाच वाजता पोचलो. ऊन तांबडं व्हायला लागलं होतं. सर दगडावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं. "सकाळचं पुरं कर."

मी तीच तीन वाक्यं पुन्हा लिहिली, फक्त भूतकाळात. या वेळी चौथंही लिहिलं, 'सर सुखरूप आहेत, मला त्यांनी वर काढलं.' पाठवलं. ग्रुपवर सतरा मिनिटं काहीच आलं नाही. मंडळात सत्तर माणसं होती आणि सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. एकही अंगठा नाही. मग शैलाताईंचं एकच वाक्य आलं. 'सरांना सावकाश उतरव.'

त्यानंतर सरांनी स्वतःचा फोन सुरू केला आणि काकूंना सांगितलं, "आधण साडेसातला ठेव. दोन कप."

याला आता आठ वर्षं झाली. मंडळाने मला काढलं नाही, पण वर्षभर सगळ्या सहलींत माझ्याकडे फक्त पातेली दिली. पुढच्या दिवाळी अंकात सरांनी माझ्या लेखाचं शुद्धिपत्र छापलं. ते लेखापेक्षा मोठं होतं. प्रत्येक टप्पा त्यांनी मला बरोबर घेऊन पुन्हा चालून तपासला, घळीवर काट छापली, उजवीकडची वाट नकाशासकट दिली. फक्त एका ओळीपुढे लिहिलं होतं, 'उंबराचं झाड: सध्या नाही. काम चालू आहे.'

"सर, ते वाक्य नुसतं काढून टाकू," मी म्हणालो होतो.

"बाकी सगळं काढ. हे एक राहू दे," ते म्हणाले. "त्याने मला पावणेदोन तास थांबवून ठेवलं. आता वाक्य बदलायचं की माथा, हे मी ठरवेन."

नवरीवर पाणी नाही आणि उंबराला पाण्याशिवाय चालत नाही. पिंपळ लिहिलं असतं तर कातळातून फुकट उगवला असता, हे सरांनी मला त्या वर्षी किमान वीस वेळा ऐकवलं. रोप आम्ही जुलैमध्ये लावलं. तेव्हापासून दर वर्षी फेब्रुवारी ते मे, दर रविवारी, मी दहा लिटर पाणी पाठीवर घेऊन वाजंत्री, भटजी, करवली असं करत नवरीवर जातो. एकटा. पहिलं रोप मावशीच्या शेळ्यांनी खाल्लं, दुसरं वणव्यात गेलं. आताचं तिसरं.

सरांचे गुडघे गेले. आता ते वाजंत्रीच्या पायथ्यापर्यंत रिक्षाने येतात, टोपी माझ्या डोक्यावर ठेवतात आणि हापशाशी बसून राहतात. मी उतरलो की पहिला प्रश्न तोच.

"किती झालं?"

"कमरेएवढं."

"कोणाच्या?"

"मावशीच्या."

"वाकलेली असताना की उभी?"

मागच्या रविवारी मी पाणी घातलं आणि डबा काढला. झाडाखाली बसूनच खायचा, अशी सूचना आहे. बारा वाजले होते आणि सावली सरांच्या टोपीएवढी पडली होती. डबा सावलीत ठेवला, मी उन्हात बसलो.